महाग यंत्राने जबडा जास्त वाढत नाही

मुलाचे वरचे दात पुढे आणि हनुवटी मागे असेल, तर परवडेल तितकं भारी यंत्र बसवून घ्यावं; यंत्र जितकं भारी, तितका खालचा जबडा जास्त वाढतो. बुलढाणा जिल्ह्यात हे मत आता चांगलंच रुजलं आहे. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर, कुठल्याही दवाखान्यात पालकांचा पहिला प्रश्न हाच असतो : ‘डॉक्टर, सगळ्यात भारी कोणतं?’ भारी परवडत नसेल, तर काही जण काढघालीची प्लेट ओशाळून पत्करतात, जणू पोराला दुय्यम औषध दिलं. बाकीचे ‘माल विकला की बघू’ म्हणून उठून जातात. त्यातले कित्येक जण परत येतात, तेव्हा मुलगी दहावी ओलांडून गेलेली असते आणि जबड्याची वाढ जवळजवळ उरकलेली असते.

मी याच जिल्ह्यात दातांची प्रॅक्टिस करतो. हे मत चुकीचं आहे आणि त्यात मुलांचं नुकसान होतं आहे, म्हणून त्याला उत्तर देणं मला भाग आहे.

आधी ते मत नीट मांडतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की मी त्याची सोपी बाजू धरून भांडतोय. हे मत आणि त्याच्या आजूबाजूच्या समजुती मिळून पाच मुद्दे आहेत. पहिला : पक्कं बसवलेलं यंत्र, म्हणजे हर्ब्स्ट किंवा त्याच्या जातीचं, काढघालीच्या ट्विन ब्लॉकपेक्षा जबडा जास्त वाढवतं, आणि नवे पारदर्शक अलायनर तर त्याच्याही पुढे आहेत. दुसरा : खेड्यातली मुलं प्लेट वापरत नाहीत, तेव्हा त्यांना पक्कं यंत्रच द्यावं. तिसरा : जितक्या लहान वयात सुरुवात, तितका जबडा जास्त. चौथा : जीभ टाळूला लावून ठेवली की यंत्राची गरजच नाही; मोबाइलवर सगळं दाखवतात. पाचवा : यातलं काहीच जमलं नाही तरी बिघडत नाही, मोठेपणी ऑपरेशन आहेच.

यातला एकही मुद्दा पुराव्यापुढे उभा राहत नाही.

पहिला मुद्दा घेऊ. खालच्या जबड्याचं टोक कानासमोरच्या सांध्यात बसलेलं असतं, त्याला कॉन्डाइल म्हणतात. जबडा लांब होतो तो मुख्यतः या टोकाशी. बाजारातली सगळी यंत्रं मुळात एकच काम करतात : खालचा जबडा पुढे आणून तिथे धरून ठेवतात. ही कल्पना कालपरवाची नाही. अमेरिकेच्या नॉर्मन किंग्जलींनी ती १८८० च्या आपल्या ग्रंथात मांडली. फ्रान्सच्या पिएर रोबँ यांनी १९०२ मध्ये मोनोब्लॉक केला. जर्मनीच्या एमिल हर्ब्स्ट यांनी आपलं दांडी-नळीचं यंत्र १९०९ मध्ये बर्लिनच्या दंतपरिषदेत दाखवलं. ते पुढे विस्मरणात गेलं आणि १९७९ मध्ये स्वीडनच्या हान्स पांखर्ट्झ यांनी पुन्हा वापरात आणलं. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी ट्विन ब्लॉक बनवला १९७७ मध्ये. म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘नवं आणि भारी’ म्हणतात, तो हर्ब्स्ट ‘जुन्या’ ट्विन ब्लॉकपेक्षा जवळजवळ सत्तर वर्षांनी मोठा आहे. नवं-जुनं हा निकष इथेच बाद होतो.

मग वाढीचं काय? कोझा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये खालच्या जबड्याच्या वाढीवरचे २२ अभ्यास एकत्र तपासले. हर्ब्स्टचा वेग निघाला महिन्याला ०.२८ मिलिमीटर आणि ट्विन ब्लॉकचा ०.२३. हर्ब्स्टवाले हा आकडा आनंदाने सांगतात. पण गुणाकार कोण करणार? वर्षभराचा फरक होतो ०.६ मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलच्या बारीक रेघेएवढा. तो चेहऱ्यावर कुणाला दिसणार आहे? त्याच आढाव्यातली दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले, म्हणजे सर्वांत विश्वासार्ह असे जे चार प्रयोग त्यात होते, त्यांतल्या एकातही जबड्याच्या लांबीत रुग्णाच्या उपयोगाची ठरेल अशी वाढ दिसली नाही. २०११ मध्ये मार्सिको आणि सहकाऱ्यांनी अशाच प्रयोगांची बेरीज केली, तेव्हा उपचार न घेतलेल्या मुलांपेक्षा वाढीव लांबी आली १.७९ मिलिमीटर. आकडेशास्त्रात तो फरक खरा, पण रुग्णाच्या दृष्टीने फारसा महत्त्वाचा नाही, असं त्यांनीच नोंदवलं.

दोन्ही यंत्रांची समोरासमोर तुलनाही झालेली आहे. केविन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या २१५ मुलांना चिठ्ठीने हर्ब्स्ट किंवा ट्विन ब्लॉक दिला आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापला. दातांत, हाडांत, एकूण उपचाराच्या काळात, कुठेही दोघांत सांगण्याजोगा फरक पडला नाही. वीस वर्षांहून जास्त काळ हे छापील पडलेलं आहे. तरी पालकाला ‘यात जबडा जास्त वाढतो’ असं सांगून जास्त रक्कम घेतली जात असेल, तर ती कशाच्या आधारावर?

अलायनरचं तर आणखी पुढचं. जबडा पुढे आणण्याची सोय असलेले अलायनर २०१७ च्या सुमारास बाजारात आले. त्यांच्यामागे हर्ब्स्ट किंवा ट्विन ब्लॉकइतके प्रयोग नाहीत, इतका काळ गेलेला नाही. दिसायला ते सुबक आहेत, यात वाद नाही. पण तेही काढघालीचेच आहेत. तोंडात घातले नाहीत तर तेही काही करत नाहीत. मग ज्या मुलावर काही हजारांच्या प्लेटसाठी भरवसा नाही, त्याच मुलावर लाखाच्या घरातल्या अलायनरसाठी भरवसा कुठून येतो?

यावर कुणी म्हणेल, हाड इतकं थोडं वाढत असेल तर उपचारच कशाला? कारण मुलाला फायदा होतो आणि तो मोठा असतो. पुढे आलेले वरचे दात मागे जातात, खालचे दात पुढे येतात, जबड्याची थोडी भर पडते, आणि या सगळ्याची बेरीज वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर बुजवते. वैद्यकीय प्रयोगांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यानुसार किशोरवयात उपचार घेतलेल्या मुलांचं हे अंतर, उपचार न घेतलेल्यांपेक्षा, काढघालीच्या यंत्राने साधारण साडेचार आणि पक्क्या यंत्राने साधारण साडेपाच मिलिमीटरने कमी झालं. ज्या मुलीचे दात नऊ-दहा मिलिमीटर पुढे आहेत, तिचे ओठ यामुळे मिटू लागतात. वर्गात ‘दातरी’ म्हणून हाक ऐकणाऱ्या मुलीला याची किंमत विचारा. उपचार खरा आहे. खोटा आहे तो यंत्रायंत्रांतला फरक.

हा उपचार कसा दिसतो, तेही एकदा जवळून पाहा. माप घेताना मूल खालचा जबडा पुढे सरकवतं आणि कोमट केलेल्या मेणाच्या पट्टीवर चावतं. त्या वेळी मी आईला बाजूला उभं करून मुलाचा चेहरा बघायला सांगतो. ओठ मिटलेले, हनुवटी पुढे आलेली. या चाव्यावरून लॅबमध्ये अ‍ॅक्रिलिकच्या दोन प्लेटा बनतात, एक वर, एक खाली. दोन्हींवर दाढांच्या जागी ठोकळे असतात आणि त्यांचे उतार साधारण ७० अंशांत एकमेकांना भिडतात. तोंड मिटायचं तर जबडा पुढेच न्यावा लागतो, दुसरी जागाच राहत नाही. पहिला आठवडा लाळ सुटते, ‘स’ आणि ‘श’ नीट उमटत नाहीत, जेवताना जबडा दुखतो. पंधरवड्यात मूल त्यातच बोलतं, त्यातच भाकरी खातं. दिवसरात्र घालायचं, घासताना काढायचं, साधारण नऊ महिने ते वर्षभर. यात दुय्यम काय आहे?

आता दुसरा मुद्दा, खेड्यातल्या मुलांवरच्या अविश्वासाचा. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो शास्त्राचं नाव घेऊन केलेला अपमान आहे. ओब्रायन यांच्याच प्रयोगातला एक आकडा यासाठी पुढे केला जातो : ट्विन ब्लॉक अर्धवट सोडणारे ३३.६ टक्के, हर्ब्स्ट सोडणारे १२.९ टक्के. आकडा खरा आहे. पण ती मुलं संग्रामपूर, मोताळ्याची नव्हती, ब्रिटनमधली होती. प्लेट कंटाळून काढून ठेवणं हा बारा-तेरा वर्षांच्या वयाचा स्वभाव आहे. त्याचा खेड्याशी, गरिबीशी, आईबापाच्या शिक्षणाशी संबंध जोडायला त्या आकड्यात काहीच आधार नाही. शिवाय तिथेही तीनातल्या दोघांनी उपचार पूर्ण केलाच ना?

त्याच प्रयोगात आणखी एक नोंद आहे, ती इथे फार महत्त्वाची. हर्ब्स्टच्या दुरुस्तीसाठी दवाखान्याच्या फेऱ्या जास्त झाल्या. आता हे आपल्या जिल्ह्यात आणून बघा. पक्कं यंत्र बसवणारे ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दातांची ठेवण सुधारणारे तज्ज्ञ, बहुतेक तालुक्यांच्या गावी रोज नसतात. अकोल्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून ठरलेल्या दिवशी येतात. दांडीचा स्क्रू ढिला झाला, दाढेवरची पट्टी सुटली, नळी गालाला टोचू लागली, की ते घरी काढता येत नाही. मूल पुढच्या तारखेची वाट बघत गालाला जखम घेऊन बसतं. जळगाव जामोदहून खामगावला यायचं म्हणजे आईचा किंवा बापाचा आख्खा दिवस आणि दोघांचं एसटीचं भाडं. कपाशीच्या वेचणीत किंवा सोयाबीनच्या सोंगणीत तो दिवस मजुरीला मुकवतो. ट्विन ब्लॉकची तार वाकली तर प्लेट काढून डबीत ठेवता येते, बापाच्या हाती पाठवली तरी दुरुस्त होऊन परत जाते. यंत्राची तुलना करताना हे मोजायचं नाही, तर काय मोजायचं?

या यंत्रांच्या इतिहासातही हेच आहे. व्हिगो अँड्रेसन हे डेन्मार्कचे दंतवैद्य. १९०८ च्या सुमारास त्यांची मुलगी सुट्टीसाठी दूर जाणार होती. त्यांनी तिच्या दातांवरचं पक्कं यंत्र काढलं आणि जबडा पुढे घेईल अशी काढघालीची प्लेट दिली. ती परतली तेव्हा दातांची ठेवण सुधारलेली होती. त्यातून अ‍ॅक्टिव्हेटर जन्माला आला आणि युरोपात अनेक दशकं चालला. डॉक्टर जवळ नसताना मुलीचं काय, या प्रश्नातूनच काढघालीचं यंत्र निघालं. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांपुढे आजही तोच प्रश्न आहे.

हर्ब्स्टला जागाच नाही असं मी म्हणत नाही. वाढीचा काळ संपत आला आहे आणि मूल काहीही केल्या प्लेट घालत नाही, गाव दवाखान्याजवळ आहे, तिथे तो द्यावा. पण तो त्या मुलाच्या परिस्थितीवरून ठरावा, जबडा जास्त वाढवतो या दाव्यावरून नाही.

तिसरा मुद्दा, ‘जितकं लहान तितकं चांगलं.’ सातव्या-आठव्या वर्षी यंत्र बसवायची घाई करणाऱ्यांनी तीन मोठे प्रयोग वाचावेत : नॉर्थ कॅरोलायना, फ्लोरिडा आणि ब्रिटन. तिन्हींत काही मुलांना लहानपणी एकदा आणि पुढे पुन्हा असा दोन टप्प्यांत उपचार दिला, काहींना किशोरवयात एकदाच. शेवटी दात, जबडा, चेहरा, यांत दोन्ही गट जवळजवळ सारखे निघाले. लवकर सुरुवात केलेल्यांचं फक्त दवाखान्यात जाणं वाढलं. दोन उपचारांचे पैसे, दोनदा प्लेटा, दोनदा फेऱ्या, आणि हाती तेच. मग ही घाई कुणाच्या हिताची?

लवकर उपचाराचे दोन फायदे पुराव्यात टिकतात. एक, मूल पडून किंवा धडकून पुढे आलेले दात तुटण्याचं प्रमाण कमी होतं. दातांमधलं अंतर तीन मिलिमीटरहून जास्त असलेल्या मुलांना अशा इजेचा धोका सुमारे दुप्पट असतो. क्लार्क यांचा पहिला ट्विन ब्लॉकसुद्धा अशाच एका मुलासाठी होता. त्यांच्या सहकाऱ्याचा मुलगा पडला होता आणि त्याचा समोरचा दात मुळासकट निखळला होता. दुसरा, चिडवणं कमी होऊन मुलाचा धीर काही काळ वाढतो. म्हणून ज्या मुलाचे दात फारच पुढे आहेत, किंवा जे मूल चिडवण्यामुळे शाळेत जायला नको म्हणतं, त्याच्यासाठी लवकर उपचार योग्य आहे. बाकीच्यांसाठी खरा काळ म्हणजे उंची झपाट्याने वाढते तो. मुलींत साधारण १० ते १३, मुलांत १२ ते १५. मुलीची पाळी सुरू होते तोवर वाढीचा सर्वांत जोराचा काळ बहुधा मागे पडलेला असतो. बाजूने काढलेल्या एका एक्स-रेवर मानेच्या मणक्यांचा आकार बघून त्याचा अंदाज घेता येतो. यंत्राची किंमत विचारण्याआधी पालकांनी विचारायला हवं ते हे : ‘याची वाढ आत्ता कुठवर आली आहे?’

चौथा मुद्दा, जीभ टाळूला लावण्याचा. शाळकरी मुलं आरशापुढे उभी राहून हा व्यायाम करतात आणि आईबापांना सांगतात की डॉक्टरची गरज नाही. ‘म्युइंग’ नावाने हा प्रकार जगभर पसरवणारे मायकल म्यू यांचं नाव ब्रिटनच्या जनरल डेंटल कौन्सिलच्या समितीने २०२४ मध्ये दंतवैद्यांच्या नोंदणीतून काढून टाकण्याचा निर्णय दिला; प्रकरण लहान मुलांवरच्या उपचारांचं होतं. मागे राहिलेला जबडा जिभेच्या व्यायामाने पुढे येतो, असं दाखवणारा एकही भरवशाचा प्रयोग नाही. हा व्यायाम फुकट आहे, म्हणून निरुपद्रवी आहे, असं समजू नका. तो करता करता बारा वर्षांचा मुलगा पंधराचा होतो, आणि ती तीन वर्षं कुणी परत देत नाही.

पाचवा मुद्दा, ‘ऑपरेशन आहेच.’ आहे. जबड्याचं हाड चिरून पुढे आणण्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांनी रूढ केली आणि आज ती चांगल्या हातांत सुरक्षित आहे. जबडा फारच मागे असेल तर तीच करावी लागते, कुठलंही यंत्र तिची जागा घेत नाही. पण ती वाढ थांबल्यावर, पूर्ण भूल देऊन, मोठ्या शहरात, बहुधा आधी आणि नंतर दातांना तारा लावून करायची असते. खालच्या ओठाला कायमचा बधिरपणा राहण्याचा धोकाही असतो. जे मूल वर्षभर प्लेट घालून सुधारलं असतं, त्याला या रांगेत उभं करायचं? आणि मुलीच्या बाबतीत हा विषय निघतो कधी, तर स्थळं बघायला लागल्यावर. तोवर तिने आख्खं शाळकरी वय तोंडावर हात धरून काढलेलं असतं.

माझं म्हणणं थोडक्यात हे. खालच्या जबड्यासाठी यंत्र निवडताना ‘कोणतं हाड जास्त वाढवतं’ हा प्रश्न जवळजवळ निकालात निघालेला आहे. फरक पडतो तो वेळेने आणि वापराने. बुलढाण्यातल्या मुलासाठी सर्वांत चांगलं यंत्र ते, जे योग्य वयात तोंडात जातं, तिथे टिकतं आणि बिघडलं तर घराजवळ दुरुस्त होतं. बहुतेक मुलांसाठी ती काही हजारांची प्लेट आहे. ती गरिबांची सोय म्हणून दिली जात नाही. शास्त्राच्या कसोटीवर ती महागड्या यंत्राच्या बरोबरीने उतरलेली आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा आपल्या जिल्हा परिषद शाळांत येतं. त्यांच्या तपासणीच्या यादीत किडलेले दात आहेत, मागे राहिलेला जबडा नाही. तो यादीत यायला हवा, आणि तो येईपर्यंत शिक्षकांनी पाचवी ते आठवीच्या मुलांना बाजूने उभं करून एकदा बघावं; ओठ मिटत नसतील, हनुवटी आत असेल, तर पालकांना सांगावं. खाजगी खर्च झेपत नसेल तर छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे आणि फी कमी आहे. फेऱ्या होतील, पण उपचार होईल.

पालकांनो, तुमच्या डॉक्टरांनी काढघालीची प्लेट सुचवली तर ओशाळू नका आणि ‘यापेक्षा भारी’ मागू नका. पैसे साठेपर्यंत थांबूही नका. प्लेट घ्या, ती रोज तोंडात आहे ना हे स्वतः बघा, आणि याच वर्षी सुरुवात करा.